लेबल झाका, मग बोला!

द्राक्षांची तोडणी जवळ आली की नाशिकपासून बंगळुरूपर्यंत वाइन-टेस्टिंगची आमंत्रणं निघू लागतात. गावोगावच्या, देशोदेशीच्या वाइन्स एका टेबलावर मांडायच्या आणि घोट-घोट चाखून त्यांना गुण द्यायचे. हा निव्वळ श्रीमंतांचा चोचला, की त्यापलीकडेही त्यात काही आहे?

दिवस २४ मे १९७६. स्थळ पॅरिसमधलं इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेल. टेबलामागे नऊ परीक्षक बसलेत. नऊच्या नऊ फ्रेंच आणि एकेक जण म्हणजे वाइनच्या दुनियेतला मोठा असामी. कुणी नामांकित रेस्टॉरंटचा मालक, कुणी सरकारी वाइन-संस्थेचा वरिष्ठ अधिकारी, कुणी जगातल्या सर्वांत महागड्या द्राक्षमळ्यांपैकी एकाचा भागीदार. फ्रान्समधल्या मातब्बर वाइन-मासिकाच्या संपादिका ओडेट कान याही त्यांत आहेत. त्यांच्यापुढे ग्लास येताहेत, पण ग्लासात काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. बाटल्यांची ओळख पटणार नाही अशी चोख व्यवस्था केलेली आहे.

हा घाट घातला होता स्टीव्हन स्परियर या चौतिशीतल्या ब्रिटिश तरुणानं. पॅरिसमध्ये त्याचं वाइनचं दुकान होतं आणि वाइन शिकवणारी एक शाळाही होती. सहकारी पॅट्रिशिया गॅलघर मूळची अमेरिकन. त्या वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होत होती. त्या निमित्तानं कॅलिफोर्नियाच्या वाइन्स फ्रेंचांना चाखायला द्याव्यात, आपल्या दुकानाचं थोडं नावही व्हावं, एवढाच साधा बेत. अमेरिकन वाइन जिंकेल असं खुद्द स्परियरलाही वाटत नव्हतं. फ्रान्सच्या बाजूनं त्यानं निवडल्या त्या एकाहून एक सरस वाइन्स.

कॅलिफोर्नियाच्या बाटल्या पॅरिसला पोचल्या त्याही गमतीनं. वाइनच्या धंद्यातल्या काही अमेरिकन मंडळींची फ्रान्सची सहल त्याच सुमारास निघाली होती. त्यांनी आपल्या सामानाबरोबर त्या बाटल्या वागवल्या. एक वाटेत फुटली, बाकीच्या सुखरूप पोचल्या!

गुण होते वीसपैकी. रंग, गंध, चव आणि या सगळ्यांचा मेळ, असे चार निकष. आधी पांढऱ्या वाइन्स आल्या. शार्दने जातीच्या द्राक्षांच्या सहा कॅलिफोर्नियाच्या आणि चार फ्रान्समधल्या बर्गंडीच्या. परीक्षक हुंगत होते, घोट घेत होते, आपसांत शेरे मारत होते. पत्रकारांना आमंत्रणं गेली होती, पण निकाल काय लागणार हे जणू ठरलेलंच होतं, मग वेळ कोण घालवणार? आला फक्त एक, ‘टाइम’ साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर. त्याच्या हातात मात्र वाइन्सची यादी होती. त्यामुळे परीक्षक काय पिताहेत ते त्याला कळत होतं. एका बड्या बल्लवाचार्यांनी ग्लास उजेडात धरला, घोट घेतला आणि आता आपण फ्रान्समध्ये परतलो, अशा अर्थाचे समाधानाचे उद्गार काढले. टेबरनं यादीवर नजर टाकली. ग्लासात होती कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यातली वाइन!

लाल वाइन्सना उशीर होत होता म्हणून स्परियरनं पांढऱ्या वाइन्सचा निकाल तिथंच वाचून दाखवला. पहिली आली कॅलिफोर्नियाची शातो माँटेलेना, १९७३ सालची. ती बनवणारा माइक ग्रगिच हा क्रोएशियातून अमेरिकेत आलेला. दुसरा क्रमांक बर्गंडीला, तिसरा आणि चौथा पुन्हा कॅलिफोर्नियाला. परीक्षक हादरले. लाल वाइन्सच्या फेरीत तरी फसायचं नाही, असं ठरवूनच ते पुढे सरसावले. जी अमेरिकन वाटेल तिला गुण कमी द्यायचे, असा काहींचा पवित्रा होता असं म्हणतात. पण अमेरिकन कुठली ते ओळखू तर आलं पाहिजे! तिथंही पहिली आली नापाचीच स्टॅग्ज लीप. ज्या वेलींच्या द्राक्षांपासून ती बनली, त्या लावून जेमतेम तीन वर्षं झाली होती. तिनं मागं टाकलं ते १९७० सालच्या शातो मुताँ रॉथशिल्डला, म्हणजे बोर्दोच्या थेट पहिल्या पंक्तीतल्या घराण्याला. फरक अगदी निसटता होता. पण निकाल तो निकाल.

ओडेट कान यांनी आपली गुणपत्रिका परत मागितली. स्परियरनं ती दिली नाही.

‘टाइम’मध्ये टेबरची बातमी छापून आली ती जेमतेम चार परिच्छेदांची. फ्रेंच वृत्तपत्रांनी तर कित्येक आठवडे या प्रकाराची दखलच घेतली नाही. तरी व्हायचं ते झालं. नापाच्या खोऱ्यात द्राक्षबागा लावणाऱ्यांची रीघ लागली, जमिनींना सोन्याचे भाव आले. पहिल्या आलेल्या दोन्ही वाइन्सची एकेक बाटली आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेली आहे. त्या दुपारवर २००८ मध्ये हॉलिवूडनं चित्रपटही काढला. स्परियर २०२१ मध्ये गेला, ग्रगिच वयाची शंभरी गाठून २०२३ मध्ये. पॅरिसच्या त्या दुपारला २०२६ च्या मे महिन्यात पन्नास वर्षं होतात.

कॅलिफोर्नियाची ही चढाई किती अवघड होती ते कळायला थोडं मागं जावं लागतं. अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षं देशभर दारूबंदी होती. तेवढ्या अवधीत तिथला वाइनचा धंदा जवळजवळ बुडाला. कारागीर पांगले, चांगल्या वेली उपटल्या गेल्या. त्या मोडक्या घरातून उठून त्यांनी चाळीसेक वर्षांत ही मजल मारली होती. आणखी एक मजा. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्झेरा नावाच्या, मुळांवर जगणाऱ्या बारीक किडीनं फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. कीड आली होती अमेरिकेतून आणि तिच्यावरचा उपायही तिथूनच आला. अमेरिकन वेलींच्या मुळांवर त्या किडीचं फारसं चालत नाही, म्हणून फ्रेंच वेलींची कलमं अमेरिकन खुंटांवर बांधली गेली. म्हणजे पॅरिसच्या त्या टेबलावर ज्या दोन देशांचा सामना चालला होता, त्यांच्या बागा जमिनीखाली केव्हाच एक झालेल्या होत्या. आपल्याकडे नाशिक-सांगलीचे बागायतदार ‘डॉगरिज’चा खुंट लावतात ना, तोही अमेरिकन वंशाचाच.

जिभेवर विश्वास किती ठेवायचा?

शंकेखोर वाचक म्हणेल, परीक्षकांची जीभ एवढी पारखी असते का? शंका रास्त आहे. २००१ मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्राचे ५४ विद्यार्थी घेतले आणि पांढऱ्या वाइनला गंध नसलेला लाल रंग देऊन ती त्यांना हुंगायला दिली. बिचाऱ्यांनी तिचं वर्णन केलं ते लाल वाइनला वापरतात त्याच शब्दांत! डोळ्यांनी सांगितलं आणि नाकानं मान डोलावली. २००८ मध्ये अमेरिकेत आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकच वाइन लोकांना एकदा दहा डॉलरची म्हणून आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून पाजली. नव्वदवाली जास्त आवडली. मेंदूची छायाचित्रं घेतली तेव्हा सुखाशी संबंध असलेला भागही जास्त चेतलेला दिसला. म्हणजे ही माणसं खोटं बोलत नव्हती. किमतीनं चव खरोखरच वाढवली होती.

तज्ज्ञांचीही झाकली मूठ उघडी पडलीय. कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकांनी, जे स्वतः वाइन बनवतात, तिथल्या एका मोठ्या स्पर्धेत तीच वाइन तिघा-तिघा ग्लासांतून त्याच परीक्षकांपुढे ठेवून पाहिली. दर वेळी जवळपास सारखे गुण देणारे निघाले दहातले एखाद-दुसरे.

तेव्हा स्टॅग्ज लीप ही मुताँ रॉथशिल्डपेक्षा ‘चांगली’ आहे, असं पॅरिसमध्ये सिद्ध झालं हे आम्ही मानत नाही. नऊ माणसांनी एका दुपारी दिलेल्या गुणांतला तो निसटता फरक. पुन्हा चाखल्या असत्या तर कदाचित क्रम फिरलाही असता. पण एक गोष्ट नक्की झाली. लेबल झाकल्यावर फ्रान्सचे दर्दी फ्रान्सची वाइन आणि परकी वाइन ठामपणे वेगळी काढू शकले नाहीत. शतकानुशतकांच्या नावापुढे तीन वर्षांच्या वेलींना उभं राहता आलं. बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. का, ते सांगायला नको. तपासणाऱ्याचं घड्याळ, चष्मा आणि मूड तोच राहतो, पण निदान आडनाव तरी आड येत नाही.

पुढे हाच डाव इतरांनीही खेळून पाहिला. २००४ च्या जानेवारीत बर्लिनमध्ये चिलीच्या एका वाइन-उद्योजकानं स्परियरलाच हाताशी धरून असंच लेबलं झाकलेलं टेस्टिंग भरवलं. पहिले दोन्ही क्रमांक चिलीच्या वाइन्सनी पटकावले आणि बोर्दोचं शातो लाफीत तिसऱ्यावर गेलं. ज्याला नाव नाही त्याला टेस्टिंगचं टेबल का हवं असतं, ते आता लक्षात आलं असेल.

आणि आपलं नाशिक?

महाराष्ट्रातल्या वाइनची कहाणी तशी अलीकडची. १९८० च्या दशकात नारायणगावात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फेसाळणारी वाइन बनवली आणि ती ‘उमर खय्याम’ या नावानं परदेशांत गेली. कर्नाटकात बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या पायथ्याशी ग्रोव्हर कुटुंबानं फ्रेंच जातींच्या वेली लावल्या. नाशिकला गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन बाजारात आली २००० साली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, करात सवलती दिल्या, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभे केले. पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या बाजूलाही बागा झाल्या. तिथल्या ‘फ्रातेल्ली’ या कंपनीच्या नावाचा अर्थ इटालियन भाषेत ‘भाऊ’. इटलीतले, दिल्लीतले आणि अकलूजचे भाऊ-भाऊ एकत्र आले म्हणून ते नाव. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला तर भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

आता या सगळ्या वाइन्स एका टेबलावर ठेवल्या तर फरक कळतो का? कळतो, आणि त्याला कारण आहे. थंड प्रदेशात द्राक्ष सावकाश पिकतं. त्याच्यातली आंबट धार टिकून राहते, साखर कमी भरते, म्हणून वाइन हलकी आणि चुरचुरीत होते. उष्ण प्रदेशात साखर भराभर भरते, आंबटपणा उतरतो, वाइन भरीव आणि कडक होते. एकच शार्दने घ्या. फ्रान्सच्या उत्तरेकडच्या शाब्लीत, चुनखडीच्या मातीत वाढलेलं असेल तर त्याच्या वाइनला लिंबाची, हिरव्या सफरचंदाची धार. कॅलिफोर्नियाच्या उन्हातलं असेल तर पिकल्या अननसाची आठवण.

युरोपातल्या वेली हिवाळ्यात पानं गाळून झोपी जातात, वसंतात जाग्या होतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणीला येतात. आपल्याकडे विषुववृत्ताच्या उत्तरेला वीस अंशांवर बर्फ कुठला? वेल झोपतच नाही. म्हणून आपला बागायतदार तिला कात्रीनं शिस्त लावतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. त्यामुळे घड हिवाळ्याच्या गार रात्रींत पोसतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडला जातो. उन्हं कोरडी, रात्री थंड आणि पावसाचा धाक कमी, असा नेमका काळ धरून. नाशिकची समुद्रसपाटीपासूनची सुमारे सहाशे मीटरची उंची इथं उपयोगी पडते. फ्रान्सच्या शेतकऱ्याला हवामान जे आपसूक देतं, ते आपल्या माणसाला कात्रीनं मिळवावं लागतं.

हे सगळं करून पिकवलेलं वाइनचं द्राक्ष तुम्ही खाल्लंय का कधी? मणी लहान, साल जाड, आत बिया. थॉम्पसन, सोनाका, तास-ए-गणेश खाणाऱ्या जिभेला ते मुळीच रुचणार नाही. आणि इथंच खरी मेख आहे. खाण्याची द्राक्षं एका व्यापाऱ्यानं घेतली नाहीत तर दुसरा घेतो, नाही तर बेदाणा होतो. वाइनची द्राक्षं वायनरीनं उचलली नाहीत तर वाशीच्या मार्केटात त्यांना कुत्रंही विचारत नाही. २००८ च्या जागतिक मंदीत नेमकं हेच घडलं. हॉटेलं ओस पडली, वाइनचा खप घसरला, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि माल उचलायला कुणी येईना. नाशिक जिल्ह्यात कित्येक शेतकऱ्यांनी लेकरासारख्या वाढवलेल्या वेलींवर कुऱ्हाड चालवली आणि पुन्हा खाण्याच्या द्राक्षांकडे वळले. वेल लावल्यावर पहिलं भरवशाचं पीक यायला दोन-तीन वर्षं जातात. त्या काळातलं कर्ज, मांडवाचा खर्च, ठिबकचा खर्च असतो तो असतोच.

म्हणून एखाद्या परदेशी परीक्षकानं लेबल न पाहता दिंडोरीच्या वाइनला दोन गुण जास्त दिले, तर त्याचा संबंध फक्त कंपनीच्या जाहिरातीशी नसतो. पुढच्या वर्षी करार होणार की नाही, कुठल्या जातीचा, कुठल्या भावानं, हे अशा गुणांवरही हलतं. मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात ‘इंडियन वाइन’ म्हटल्यावर नाक मुरडणारा पाहुणा लेबल झाकल्यावर काय म्हणतो, ते म्हणूनच पाहण्यासारखं असतं.

आमंत्रण आलंच तर...

सुलानं २००५ मध्ये नाशिकला टेस्टिंग रूम उघडली. त्यानंतर बऱ्याच वायनऱ्यांनी आपापल्या आवारात ही सोय केली. तोडणीच्या दिवसांत गेलात तर टोपलीतली द्राक्षं आणि ग्लासातली वाइन दोन्ही एकदमच पाहायला मिळतात. गेलात तर एवढं ध्यानात ठेवा.

जाताना अत्तर, सेंट लावू नका. मोगऱ्याचा गजराही त्या दिवशी घरीच ठेवलेला बरा. आपल्याला सुगंध, पण शेजारच्याच्या नाकाची पंचाईत! पान, तंबाखू, कडक कॉफी आधी तासभर तरी वर्ज्य. रिकाम्या पोटी जाऊ नका.

ग्लासात वाइन ओततात ती दोन-तीन घोटांपुरती. रिकामी जागा कंजूषपणाची नसते, वासाला कोंडून ठेवायला असते. ग्लास दांडीला धरायचा, पांढऱ्या कागदावर तिरपा करून रंग पाहायचा. मग हलकेच गोल फिरवायचा आणि नाक आत घालायचं. होय, अगदी आत! जिभेला मोजक्याच चवी कळतात. खारट, गोड, आंबट, कडू अशा. बाकी सगळी करामत नाकाची. सर्दी झाल्यावर आमटी बेचव का लागते ते आठवून पाहा. मग लहानसा घोट, तोंडात सगळीकडे फिरवायचा, ओठांतून थोडी हवा आत ओढायची आणि...

आणि थुंकायचा! प्रत्येक टेबलावर त्यासाठी भांडं असतं. आपल्या वाडवडिलांच्या पिकदाणीचंच हे विलायती भावंड. सराईत परीक्षक दिवसाला कितीतरी वाइन्स चाखतात. गिळत बसले तर दुपारपर्यंत आडवे व्हायचे. पॅरिसचे ते नऊ जणही चाखत होते, पीत नव्हते. नवख्याला थुंकायची लाज वाटते आणि तिथंच त्याची गाडी रुळावरून घसरते.

चाखण्याचा क्रम ठरलेला असतो. फेसाळणारी, पांढरी, गुलाबी, लाल आणि शेवटी गोड. मधे पाण्याचा घोट आणि साध्या पावाचा तुकडा. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्यावी असं पुस्तकांत लिहिलेलं असतं, पण ती खोली युरोपातली, अठरा अंशांची. आपल्या मार्चमधल्या चौतीस अंशांच्या खोलीत ती थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायला हवी. मुख्य म्हणजे गुण आधी कागदावर लिहायचे आणि बोलायचं नंतर. नाही तर टेबलावरचा जो सर्वांत मोठ्यानं बोलतो, त्याचीच चव सगळ्यांच्या तोंडी येते.

आता वर्णन काय करायचं? इंग्रजी पुस्तकं गूसबेरी, ब्लॅककरंट अशी फळं सांगतात. आपण ती पाहिलेली तरी असतात का? खरं तर या कामात आपली मराठी जीभ कुणापेक्षा कमी नाही. लाल वाइन प्यायल्यावर हिरड्या आणि जीभ आक्रसल्यासारखी होते, त्याला इंग्रजीत ओढूनताणून शब्द शोधावे लागतात. आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल, तुरट! जांभूळ, आवळा, कच्चं केळं, सुपारी, तुरटपणाच्या किती परी आपल्याला ठाऊक आहेत. सोव्हिन्याँ ब्लाँ जातीच्या पांढऱ्या वाइनला ढोबळी मिरचीचा वास येतो. तो भास नव्हे, दोन्हींत एकाच कुळातली द्रव्यं असतात. शिराझला काळ्या मिरीचा झणका असतो. त्यालाही आधार आहे. मिरीला मिरीपण देणारं एक गंधद्रव्य शिराझच्या द्राक्षांतही असतं, हे ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. ओक लाकडाच्या पिंपात मुरलेल्या वाइनला व्हॅनिलाचा, कधी ओल्या नारळाचा वास लागतो, तो लाकडातून उतरलेला. तेव्हा कुणी ‘ब्लॅककरंट’ म्हणालं तर खुशाल ‘जांभूळ’ म्हणा. चुकत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वाइन ही दारूच आहे. लाल वाइन हृदयाला चांगली, असं एके काळी फार बोललं जायचं. पण दारूचं कुठलंही प्रमाण पूर्णपणे निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत जाहीर केलं. गरोदर स्त्रियांनी, औषधं चालू असलेल्यांनी आणि गाडी चालवणाऱ्यांनी त्या टेबलापासून लांबच राहावं. वयाची अट राज्याराज्यांत वेगळी आहे, महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याप्रमाणे पिण्यासाठी परवाना लागतो आणि तो एका दिवसापुरताही मिळतो. गुजरात, बिहारमध्ये दारूबंदीच आहे.

मग ज्यांना वाइन प्यायचीच नाही, त्यांनी या कलेपासून वंचित राहायचं? छे! हीच विद्या आपल्या देशात दुसऱ्या रूपात केव्हापासून नांदते आहे. कोलकात्यात चहाचा लिलाव १८६१ पासून होतो आणि त्याच्या आधी चहा चाखणारे तज्ज्ञ पांढऱ्या कपांच्या लांबलचक रांगेवरून जातात. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा चमच्यानं उचलायचा, खळ्ळकन आवाज करत ओढायचा, तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. मळ्याच्या नावाला नव्हे, कपातल्या चहाला भाव बांधायचा. एका आयुष्यात लाखो कप त्या जिभेवरून जातात आणि मळ्यावरच्या मजुरांच्या पोटापाण्याचा हिशेब कुठे तरी त्या घोटाशी जोडलेला असतो.

घरीही हा खेळ मांडता येतो. येत्या मोसमात देवगडचा, रत्नागिरीचा आणि कर्नाटकचा हापूस आणा. रत्नागिरी, सिंधुदुर्गसह कोकणपट्ट्यातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पेटीवर देवगड आणि आत भलतंच, हा अनुभव कुणाला नाही? घरातल्या एकानं फोडी करून ताटल्यांत ठेवाव्यात, ताटल्यांखाली अ, ब, क लिहिलेल्या चिठ्ठ्या पालथ्या घालाव्यात. बाकीच्यांनी वीसपैकी गुण द्यावेत. रंगाला, वासाला, चवीला आणि मेळाला. आपल्या गावचा आंबा डोळे झाकून ओळखतो म्हणणाऱ्या मामांना अग्रभागी बसवा. त्यांनी गुणपत्रिका परत मागितली तर देऊ नका. चिठ्ठ्यांवर मात्र एखादं जड पुस्तक ठेवा, घरातली लहान मुलं आधीच डोकावतात.